नीलकांतीची वेल

‘हे पुस्तक लिवनाऱ्यानं जल्मात घोडा पायलेला नाय,’ सुका टांगेवाला माझ्या तोंडावर म्हणाला.

‘मग काय पाहिलंय त्यानं?’ मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

‘गाय पायली असंल.’

ओट्यावरच्या बाया खदखदून हसल्या. मी पान उलटलं आणि पुढं वाचायला लागले, पण कान तापले होते. कारण ते पुस्तक मी लिहिलं होतं, आणि सुका म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं. घोड्याची माझी सगळी ओळख सुकाच्याच टांग्यातली. त्यातही बायकांना मागं बसवायची रीत, आणि मागं बसलं की तोंड रस्त्याकडं. म्हणजे घोडा सोडून बाकी सगळं दिसतं.

साल एकोणीसशे सहासष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि माझे यजमान तिथं स्टोअरमध्ये कारकून होते. आम्ही मूळचे दहिवडीकडचे. सालवडला सहा खोल्यांची एक रांग होती, त्यातल्या एका खोलीत आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, मैनाबाई. दुपारी त्या आडव्या झाल्या की मी चुलीपाशी बसून लिहायची. त्यांना वाटायचं, माहेरी पत्रं लिहिते. दोन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी पुण्याच्या एका प्रकाशकानं ती छापली, ‘वाऱ्याचा लगाम’ नावानं, आणि लेखक म्हणून मुकुंद दहिवडकर असं एका न जन्मलेल्या पुरुषाचं नाव घातलं. माझं नाव घालायची माझी छाती नव्हती. त्या कादंबरीत एक सरदार वैद्याच्या मुलीला दोनदा मिठी मारतो. मी तर सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलताना पदर सारखा करायची.

आता ते पुस्तक माझ्याच हातात वाचायला कसं आलं ते सांगते. चातुर्मासात आमच्या रांगेत दुपारी पोथी व्हायची. वाचणारी मी, कारण न अडखळता वाचणारी मी एकटीच. त्या साली पोथी गणपतीच्या आधीच संपली, पण बायांना दुपारी जमायची सवय लागली होती. तेव्हा आमच्या यजमानांनी पालघरच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं, सासूबाईंच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. जाड पुठ्ठ्यातलं ते पुस्तक माझंच होतं. रात्री मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणतात, ‘लोकांना आवडतंय का ते कळायला नको?’

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पाट मांडला, पाटावर धूतवस्त्र, त्यावर ‘वाऱ्याचा लगाम’. वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हं, कर सुरू.’

झालं. त्या दिवसापासून माझी कादंबरी पोथी झाली. तिला पाय लागला तर नमस्कार करायच्या बाया. गोजराबाई म्हणजे शेजारच्या खोलीतली फिटरची बायको, सोलापूरकडची, मनानं फार हळवी. तिसऱ्या प्रकरणात सरदार घोड्यावरून पडला तेव्हा त्यांनी संध्याकाळी मारुतीला नारळ फोडला. पाचव्यात त्यानं वैद्याच्या कस्तुरीचा हात धरला, तर बायांनी पदर तोंडाला लावले आणि मी ते पान घाईघाईनं उलटलं. रांगेसमोरच्या बदामाखाली सुका टांगा सोडून बसायचा. शिफ्ट सुटेपर्यंत त्याला काम नसायचं, म्हणून तोही ऐकायचा आणि दर चार ओळींना चूक काढायचा. कस्तुरी घोड्याच्या मागून जाते, तर त्याचं म्हणणं, ‘लाथ बसंल, दात हातात येतील.’ कस्तुरी घोड्याला खडीसाखर देते, तर म्हणे, ‘गूळ द्यावा. खडीसाखर कशाला, घोड्याचं लगीन हाय?’

एक बुधी होती. डोंगराकडच्या पाड्यावरून गवताचे भारे घेऊन यायची, भारा उतरवून पायरीवर बसायची आणि तंबाखू मळत ऐकायची. ती काही बोलायची नाही. मला तिचाच आधार वाटायचा.

आणि सासूबाई. त्या रोज वाचन संपलं की त्या मुकुंद दहिवडकराचा उद्धार करायच्या. ‘मेल्याला आईनं वळण लावलं नाही.’ ‘ह्याच्या बायकोचं कसं होत असंल बाई.’ कादंबरीत सरदाराची एक अंबाआत्या आहे, खाष्ट, सारखी डब्यांची झाकणं मोजणारी. अकराव्या प्रकरणात ती मरते. ते प्रकरण वाचत होते, तेव्हा सासूबाई मधूनच उठून आत गेल्या आणि वाचन संपल्यावर चहा घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, कंटाळल्या. त्या दिवशी मला रागच आला, कारण ते माझं सगळ्यात आवडतं प्रकरण होतं.

कादंबरी संपली आणि चारच दिवसांनी सुकाची घोडी लंगडी झाली.

पवळी तिचं नाव. खड्ड्यात पाय मुरगळून पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली सुजला होता, खूर टेकवत नव्हती. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. हाड शाबूत आहे, पंधरा-वीस दिवस विश्रांती द्या, मग बघू, म्हणाले. पण सुकाचा धीर सुटला. एरवी दर चार ओळींना चूक काढणारा माणूस, आता बदामाखाली घोडीच्या मानेवर हात ठेवून नुसता बसून राहायचा. वसईकडचा एक माणूस म्हातारी, अधू जनावरं नेतो, तो येऊन बघून गेला होता. ‘दसऱ्याला येतो म्हनालाय,’ सुका म्हणाला. ‘तवर चालली तर बरी. नाय तर नेईल. नेऊन काय करतो ते मी इचारलं नाय.’

दसरा सतरा दिवसांवर होता. मग गोजराबाई एकदम म्हणाल्या, ‘अहो, पण औषध आपल्याला ठाऊक आहे की. नववं प्रकरण.’



नवव्या प्रकरणात कस्तुरी सरदाराच्या घोड्याचा पाय बरा करते. रोज पहाटे त्याला समुद्रात गुडघाभर पाण्यात उभं करते आणि मग नीलकांतीच्या वेलीचा लेप बांधते. एका देठावर तीन पानं, निळीजांभळी फुलं. ही नीलकांती मी चुलीपाशी बसून, डाळ शिजेपर्यंतच्या वेळात तयार केली होती. नाव गोड वाटलं म्हणून. आणि समुद्र कशाला, तर कस्तुरीची साडी भिजावी आणि सरदारानं ती बघावी म्हणून.

‘अहो, ती कादंबरी आहे,’ मी म्हणाले. ‘कादंबरीतलं खरं नसतं.’

गोजराबाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी जसं काही त्यांच्या ताटातलं ओढून घेतलं. ‘मग महिनाभर तुम्ही आम्हाला खोटं वाचून दाखवलंत?’

‘पाटावर ठेवून वाचलंय, उषा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘फूल वाहून वाचलंय.’

त्याच वेळी सांगायला हवं होतं की बायांनो, मीच ती मेली, माझ्याच आईनं वळण लावलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण सासूबाईंकडं बघितलं आणि गिळलं. लाज वाटते आजही.

सुकानं मात्र मान वर केली होती. ‘खाऱ्या पान्यात उभी करायची ते खरं हाय,’ तो म्हणाला. ‘माझा बापूस करायचा. मीच इसरलो.’ त्याचं घर पाम गावात, तिथून समुद्र जवळ. दुसऱ्या दिवसापासून तो पवळीला हळूहळू चालवत पाण्यावर न्यायला लागला. मला जरा हायसं वाटलं. निदान साडी भिजवायचा काही तरी उपयोग झाला.

पण बाया काही पाण्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सगळी रांग नीलकांती शोधायला रानात गेली. सासूबाईसुद्धा, गुडघे दुखत असताना. मी डोकं दुखतंय म्हणून घरात राहिले. नसलेली वेल शोधायचं नाटक माझ्यानं झालं नसतं. दुपारभर मी देवाला एकच मागत होते की त्यांना काही सापडू नये.

सापडलं. एका देठावर तीन पानं, जांभळी फुलं, वेलच, अगदी माझ्या पुस्तकातल्यासारखी. गोजराबाईंनी ओटीत भरून आणली होती आणि त्या दोन्ही हातांनी कोपरापर्यंत खाजवत होत्या. पोट, मान, सगळं लाल झालं होतं. ‘औषध कडक आहे,’ त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. ‘गुण येणार.’ सासूबाईंनी वाटायला पाटा-वरवंटा काढला. सुका पवळीला घेऊन बदामाखाली उभाच होता.

तो लेप त्या सुजलेल्या पायाला लागला असता तर घोडी वेडीपिशी होऊन असलेला पायही मोडून बसली असती. मी पायरी उतरले. ‘थांबा,’ म्हणाले, ‘मला काही सांगायचंय.’ खरंच सांगणार होते मी, ह्यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

तेवढ्यात बुधीनं पायरीवरून उठून गोजराबाईंची ओटीच धरली. ‘टाक ते. खाजकुयली हाय ती. शेणानं हात धू.’ मग सगळ्यांकडं बघून शांतपणे म्हणाली, ‘नीलकांती मना ठाव हाय. दूर हाय. उद्या आणीन.’

मी आ वासून बघतच राहिले. माझी वेल, मी डाळ शिजताना केलेली, आणि हिला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी तिनं घरूनच वाटून पळसाच्या पानात हिरवा गोळा आणला. गरम करून पवळीच्या पायावर थापला, वर फडकं बांधलं. सासूबाईंनी वास घेतला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. असं रोज चाललं. पहाटे खारं पाणी, दुपारी बुधीचा लेप, आणि बायांच्या आग्रहाखातर लेप बांधताना मी नववं प्रकरण मोठ्यानं वाचायचं. सुका आता एकही चूक काढत नव्हता. दहाव्या दिवशी सूज उतरली. तेराव्या दिवशी पवळीनं खूर टेकवला आणि सुका गोजराबाईंच्या पायाच पडला. त्या म्हणाल्या, ‘माझ्या नको, त्या दहिवडकरांच्या पड.’ कुणाच्या पडायचं ते न कळून तो पाटावरच्या पुस्तकाच्याच पाया पडला. माझे डोळे भरून आले. आजवर कुणीही केलेलं माझं ते सगळ्यात मोठं कौतुक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बुधीला मी बाजूला घेतलं. घरामागं भाजीपाशी, कुणी नाही बघून. ‘बुधी, ती कसली वेल होती गं?’

‘येल कसची,’ ती म्हणाली. ‘निरगुडी. नाल्याला हाय, तुझ्या घरामागंच.’

‘मग नीलकांती का म्हणालीस?’

‘बायांना नीलकांती पायजे होती.’ तिनं तंबाखूची चिमूट तोंडात ठेवली. ‘तशी येल रानात नाय. मना रान ठाव हाय. आन तुला पन ठाव होता.’

‘मला? मला कसं ठाऊक असणार?’

‘सगल्या बाया शोधाया आल्या. तुझी म्हातारी लंगडत आली. तू एकली नाय आलीस.’ ती हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं मी तिला हसताना. ‘जिनं येल बनवली, ती तिला शोधाया कशाला जाईल?’

वाचता न येणाऱ्या बाईनं मला असं वाचलं होतं. मी तिचा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही. तिनं भारा उचलला आणि ती गेली.

दसऱ्याला सकाळी पवळी झेंडूच्या माळा घालून रांगेसमोर आली. टापा चारही सारख्या वाजत होत्या. वसईचा माणूसही आला होता. सुकानं त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली, पेढा दिला आणि परत पाठवला. मग म्हणाला, ‘पयली फेरी तुमची, आजी. देवीपर्यंत.’

सासूबाई नवी साडी नेसून आल्या. जाता जाता त्यांनी पाटावरून पुस्तक उचललं, पदराखाली घेतलं. मला वाटलं, देवीला दाखवायला. टांग्यापाशी आल्यावर त्यांनी आपट्याचं एक पान माझ्या हातात दिलं आणि ते पुस्तकही.

‘घ्या सोनं,’ म्हणाल्या. ‘आणि हे बघा, मुकुंदराव.’

माझ्या हातातून पान गळून पडलं.

‘दुसऱ्या प्रकरणातच कळलं मला. डब्याच्या झाकणावरून मी तुला जे बोलले होते ना, ते त्या आत्यानं शब्दाला शब्द बोलून दाखवलं. महिनाभर वाट बघितली मी, आता सांगेल, मग सांगेल. एवढ्या शिव्या घातल्या तरी तोंड उघडेना पोरगी.’ त्यांचा ओठ हलत होता, रागानं की हसू दाबून ते मला कळेना. ‘निरगुडीचा वास आला तेव्हाही वाट बघितली. ते जाऊ दे. पण अकराव्या प्रकरणात तिला मारलीस कशाला? मी अजून जिवंत आहे.’

‘आई, चुकलं माझं,’ मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

‘रडू नकोस. दुसरं लिही. त्यात तिला जगव, आणि दुपारी लिहिताना चुलीपाशी बसू नकोस, डाळ करपते. खिडकीपाशी बस.’ त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. मी सवयीनं मागच्या बाकाकडं वळले, तर त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं.

‘मागं मी बसते,’ त्या म्हणाल्या. ‘तू पुढं बस सुकाशेजारी. ह्या खेपेला घोडा नीट बघून घे.’