सुईदोऱ्याच्या डब्यातला खोडरबर

मी एक खोडरबर आहे. जरा जवळ येऊन ऐका, कारण माझा आवाज आता फारसा उरलेला नाही. मी तरी कुठे उरलोय? विकत घेतला तेव्हा काड्यापेटीच्या निम्म्याने होतो. आज सदऱ्याच्या गुंडीएवढा आहे.

आम्हाला कुणी जपून ठेवत नाही. आमचं कामच असं की ते नीट झालं तर दिसत नाही. लिहिणाऱ्याचं नाव होतं, खोडणाऱ्याचा भुगा होतो, आणि तो भुगा फुंकर मारून उडवून देतात.

माझा जन्म एका कारखान्यात, गरम साच्यात झाला. तिथून निघालो तो शाळेसमोरच्या दुकानातल्या काचेच्या बरणीत येऊन पडलो. आम्ही साठ-सत्तर भावंडं होतो. मुलं येत, आमचा वास घेत, आवडला की घेऊन जात. मग पेन्सिलीचं टोक खुपसून भोकं पाडत, दातांनी कुरतडत. तरी मीही एखाद्या कंपासपेटीची वाट बघत होतो. आणि मला घ्यायला आली ती साठी ओलांडलेली एक बाई.

"नातवासाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिला नातू नव्हता. म्हणजे माझ्या संसाराची सुरुवातच खोट्याने झाली.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात ती आणि तिचे यजमान. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. यजमानांनी एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली होती. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातली चूक हुडकून काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटत नसे, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना 'भिंग' म्हणत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. मीही त्यांना भिंगच म्हणतो, आणि तिला म्हणतो माझी बाई.

निवृत्तीनंतर भिंगांनी रोजच्या पेपरातलं शब्दकोडं धरलं, ते नोकरीसारखं. सकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं. आधी आजच्या पेपरात आलेलं कालचं उत्तर बघायचं, कालचं कोडं लाल पेन्सिलीने तपासायचं, कोपऱ्यात गुण लिहायचे, कात्रण कापून बुटांच्या खोक्यात टाकायचं. मगच नवीन कोड्याला हात. आणि सोडवायचं ते पेनाने. पेन्सिलीने कोडं सोडवणाऱ्यांना ते 'भित्रे' म्हणत.

मी घरी आलो त्या सकाळी टेबलावर पेन नव्हतं. त्या जागी पेन्सिल होती.

"हे काय?" भिंगांनी विचारलं.

"तुमच्या पेनाची शाई गळते. दोन सदरे गेले. आता पेन्सिल वापरा."

"पेन्सिल? मी काय बालवाडीत आहे?"

"बालवाडीतली मुलं बरी. सांगितलेलं ऐकतात."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला दोन बोटांत धरलं, मेलेलं झुरळ धरतात तसं. "आणि हा कशाला? छापखान्यात खोडरबर नसतो. शब्द चुकला तर काट मारायची. चुकून बरोबर शब्दावरच काट मारली, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे. ठिपके म्हणजे बरोबर आहे, असू द्या, हात लावू नका. एवढं सोपं. खोडाखोड कशाला?"

"नका खोडू. माझ्या डब्यात ठेवते," ती म्हणाली, आणि मी सुईदोऱ्याच्या डब्यात, गुंड्या आणि कात्रीच्या शेजारी जाऊन पडलो.

मला वाटलं, संपलं. आता इथे गंजायचं. खोडरबर गंजत नाही, पण मन गंजतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डबा उघडला. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. भिंग आतल्या खोलीत झोपलेले. बाईने दाराखालून आत सरकवलेला पेपर उचलला, घडी न मोडता उत्तराचं पान वर काढलं, त्याच्याशेजारी कालचं कोडं ठेवलं आणि बोट ठेवून एकेक चौकोन ताडून पाहू लागली. तिची शाळा आठवीत सुटली होती. वाचताना तिचे ओठ हलायचे.

"पक्ष्याचे घर, तीन अक्षरं," ती पुटपुटली. उत्तर होतं घरटं. भिंगांनी लिहिलं होतं पाखरू.

तिने मला उचललं. माझ्या आयुष्यातला तो पहिला शब्द. मी पाखरू खोडलं, आणि तिने पेन्सिलीने, भिंगांच्या वळणाचं अक्षर काढत, घरटं लिहिलं. वळण जमेना, म्हणून टं दोनदा काढावा लागला. मग पेपर होता तसा दुमडून दाराशी ठेवला, भुगा पदरात गोळा केला आणि खिडकीतून झटकला.

असं का, ते मला तिच्या पुटपुटण्यातूनच कळत गेलं. पंधरा दिवसांपूर्वी भिंगांची एका कोड्यात पाच उत्तरं चुकली होती. शाईत. सोपी उत्तरं. ते कोडं समोर ठेवून दुपारपर्यंत बसून राहिले. ती जेवायला बोलवायला गेली तर म्हणाले, "ज्याला साधे शब्द आठवत नाहीत, त्याने जेवून काय करायचं?" त्या दिवशी ते खरंच जेवले नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि बाईला बाजूला घेऊन सांगितलं की हे कमी होणारं नाही, हळूहळू वाढत जाईल. तिने घरी येऊन भिंगांना सांगितलं, "काही नाही, वयाप्रमाणे होतं म्हणाले." आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आली.

भिंगांना आपलं काय हरवत चाललंय ते कळू द्यायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती तीन वर्षं पाचच्या ठोक्याला उठली. थंडीत शाल पांघरून, ताप असला तर भिंतीला टेकून. पेपरवाल्याची चाहूल जिन्यातच ओळखायची. भिंगांचा ल, भिंगांचा श, तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवून गिरवून हातात बसवले.

शहाणीही होती. आठवड्यातून एक चूक मुद्दाम राहू द्यायची. "रोज पैकीच्या पैकी आले तर यांना संशय यायचा," ती मला सांगायची. मला म्हणजे स्वतःलाच. पण ऐकायला मीच होतो.

ती स्वयंपाकघरात गेली की भिंग उठून टेबलाशी बसत. मी डब्यात, झाकण बंद. दिसायचं काही नाही, ऐकू यायचं. लाल पेन्सिलीची झर्र, झर्र अशी बरोबरची खूण. आणि मधूनच टक टक टक असा अगदी बारीक आवाज, टेबलावर पावसाचे चार थेंब पडावेत तसा. तो कसला, ते मला कधी उमगलं नाही. मग हाक यायची, "अगं ए, एकतीसपैकी एकतीस!"

"वा," ती आतून म्हणायची. "मग आज भाजी तुम्ही आणा. हुशार माणसाला हिशेबात कुणी फसवत नाही."

एकदा समोरचे पोस्टमास्तर आले. त्यांनाही कोड्यांचा नाद. टेबलावरची पेन्सिल बघून म्हणाले, "काय हो, भिंगाला तडा गेला की काय?"

भिंगांनी खोकं उघडून आठवड्याची कात्रणं त्यांच्यापुढे टाकली. "मोजा गुण."

पोस्टमास्तरांनी मोजले. बराच वेळ लावला. "मानलं," ते म्हणाले. "माझी तर दहा-दहा चुकतात."

"चुकायचीच," भिंग म्हणाले. "तुमच्याकडे बायको आहे, पण ही नाही."

बाई चहा ठेवायला आली होती. तिच्या हातातली बशी वाजली. मी डब्यात ऐकलं. आम्हा दोघांनाही वाटलं, कौतुकाने म्हणाले असतील. चहाचं कौतुक.

पुढे पुढे काम वाढत गेलं. आधी दोन शब्द, मग सहा, मग अर्धं कोडं. कोड्याचं एक वाईट असतं. एक आडवा शब्द चुकला की त्यात अडकलेले तीन-चार उभे शब्दही वाकडे होतात. तिला सगळंच खोडून पहिल्यापासून लिहावं लागे. पेपरचा कागद तो केवढा, घासून घासून भोक पडे. मग ती मागून गव्हाच्या पिठाच्या खळीने बारीक तुकडा चिकटवी. शेवटच्या वर्षात तर भिंग चौकोनाचौकोनात एकच अक्षर भरून ठेवत. क, क, क, ओळीने. असं पहिल्यांदा दिसलं त्या पहाटे तिने मला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ काहीच केलं नाही. माझ्यावर एक थेंब पडला. ओल्या खोडरबराने खोडलं तर काळं पसरतं. म्हणून तिने मला पदराला पुसलं, फुंकलं, आणि कामाला लागली.

मी झिजत होतो हे मला दिसत होतं. ती झिजत होती हे कुणालाच दिसलं नाही.

एका दुपारी ती ओट्याशी बसली ती उठलीच नाही. लेक आली, इस्पितळात नेलं. जाताना तिने आपली पर्स मागितली आणि डब्यातून मला काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं. कशासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

इस्पितळात तिची लेकीशी कुजबुज चालायची.

"घरी पेपर येतो का गं वेळेवर?"

"येतो. आई, तू पेपरचं काय घेऊन बसलीस?"

"त्यांना देऊ नका. सांग, पेपरवाला सुट्टीवर गेलाय."

"का पण?"

तिने उशाशी ठेवलेली पर्स जवळ ओढली. मला वाटलं आता सांगेल. एक वाक्य पुरलं असतं. पण सांगणं म्हणजे भिंगांच्या चुका त्यांच्याच लेकीपुढे मांडणं. "डोळ्यांना त्रास होतो त्यांच्या," ती म्हणाली. "मी येईपर्यंत नको. मी आले की बघते."

ती आली नाही. तिसऱ्या दिवशी पर्स घेऊन लेक एकटीच घरी आली.

घरात माणसं येऊन गेली. "आई होती तोवर बाबा कसे ठणठणीत होते," असं जो तो म्हणत होता. "धक्क्याने झालंय हे." पर्स आवरताना लेकीने मला परत डब्यात टाकलं होतं. सांगावंसं फार वाटलं. पण खोडरबराला लिहिता येत नाही.

आठवड्याने लेकीने पेपर पुन्हा सुरू केला. मन रमेल म्हणून. भिंगांनी कोडं भरलं, जसं भरायचे तसं. दुसऱ्या सकाळी तिने ताजा पेपर, कालचं कोडं आणि लाल पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली.

भिंगांनी हात लावला नाही.

"बाबा, तपासत नाही?"

"थांब," ते म्हणाले. "आधी तिचं होऊ दे."

"कुणाचं?"

"आज उशीर झालाय तिला. उठली नसेल अजून."

लेकीला काही समजलं नाही. पण त्या दिवशी दुपारी तिने बुटांचं खोकं उघडलं आणि कात्रणं जमिनीवर पसरली. उजेडाला धरली तेव्हा खोडलेल्या जागा पातळ दिसल्या. मागचे चिकटवलेले तुकडे दिसले. तिने सुईदोऱ्याचा डबा आणला, माझा उरलेला तुकडा तळहातावर घेतला, आणि तिथेच बसली. आईचं कळलं तिला.

मग तिला दुसरं काही दिसलं. ते मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. आईने पुन्हा लिहिलेल्या प्रत्येक अक्षराखाली, अगदी बारीक, लाल पेन्सिलीचे ठिपके होते.

टक टक टक.

लहानपणी तिच्या वह्या भिंगच तपासत, तिला त्या खुणा माहीत होत्या. बरोबर आहे, असू द्या, हात लावू नका. तिने खोक्याच्या तळातलं कात्रण काढलं, तीन वर्षांपूर्वीचं, माझं पहिलं. घरटं. त्याच्याखालीही तीन ठिपके. म्हणजे पहिल्या दिवसापासून. ज्याच्या नजरेतून वेलांटी सुटत नव्हती, त्याला बायकोच्या हातचा टं ओळखू येणार नाही? तिने मुद्दाम ठेवलेल्या चुकांवर मात्र इमानाने काट मारलेली होती. शेवटच्या महिन्यांत तर सगळ्याच चौकोनांखाली ठिपके होते. काहींना नेम नव्हता, ते ओळ सोडून भरकटले होते. पण होते.

ती कात्रण घेऊन टेबलाशी गेली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

भिंगांनी कात्रण बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तिच्याजवळ बोलू नकोस. तिला वाटतं, मला कळत नाही."

लेकीने तोंडावर हात धरला.

"आणि तो खोडरबर डब्यात ठेव," ते म्हणाले. "पहाटे तिला सापडायला हवा."

तेव्हापासून मी इथे आहे. टेबलावर सतरा कोडी साचली आहेत, न तपासलेली. भिंग रोज नवीन भरतात, रोज सकाळी लाल पेन्सिलीला टोक काढून बसतात आणि थांबतात. लेकही आता पाचला उठते. दोनदा तिने मला हातात घेतलं, कोडं समोर ओढलं आणि परत ठेवलं. तिला ते वळण येत नाही.

मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. त्या टेबलापासून स्वयंपाकघर सहा पावलांवर होतं. तीन वर्षं एक जण तिकडे रडू आवरत होता आणि एक जण इकडे. दोघांनाही सगळं माहीत होतं. मला वाटायचं मी चुका खोडतोय. पण त्यांना एकमेकांशी जे बोलायचं होतं, तेही माझ्याच भुग्याबरोबर खिडकीतून गेलं. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर ती सहा पावलं चालून जा. आजच जा.

माझ्यात अजून चार-पाच अक्षरं खोडण्याइतका जीव आहे. तो मी राखून ठेवलाय. जिन्यात पेपरवाल्याची चाहूल लागली की अजून वाटतं, आता झाकण उघडेल.