चार मुठींचा आंबा

"बाबा, हा आंबा चार मुठी कसा? दोनच भरतो की." धम्मानंदनं हात ताठ लांबवून मूठ आभाळाच्या कडेला धरली, तिच्यावर दुसरी ठेवली. तेवढ्यात झाडाचा शेंडा संपला. "तुमी फोनवर चार काहून सांगितल्या?"

किशनराव बाजेवरून उठले. "बराबर मोजलं होतं रे. चारच भरल्या."

धम्मानंद हिंगोलीच्या एका कचेरीत कारकून, पण नाद ताऱ्यांचा. त्याच्या मोबाइलमधल्या तारांगणाच्या ॲपला सगळं जग सपाट मैदानच वाटतं. कुरुंद्यातल्या अंगणापुढचा आंबा त्याला काय ठाऊक? म्हणून झाडांची उंची आपणच मोजून त्यात भरायची, लांबवलेल्या हाताच्या एका मुठीला दहा अंश. गेल्या शुक्रवारी धूमकेतू शेवटचा ठळक दिसणार होता. मालनबाईंचे डोळे काचबिंदूनं विझत चाललेले. "उजेड हाय तवर दाव एकदा," एवढंच त्यांनी लेकाकडं मागितलं होतं. गावाला एक खेप घालून स्वतः मोजायचा यानं कंटाळा केला. बापाकडून फोनवर मोजून घेतलं, चाळीस अंश भरले, आणि मोबाइलात धूमकेतू आंब्याआड गेला. "न्हाई दिसणार, आई. उगं अंगणात बसू नको," असं सांगून हा शहाणा हिंगोलीतच राहिला. तिथल्या गच्चीवरून त्यानं मात्र तो पोटभर पाहिला. आज गावी आला तेव्हा धूमकेतू दुर्बिणीतही सापडत नव्हता.

"परत मोजून दावा बरं," तो जरा तडकूनच म्हणाला.

"त्या दिवशी डाव्या हातात फोन होता," म्हणत किशनरावांनी उजवा हात लांबवला. मूठ वळली. अंगठ्याशेजारी दोनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळद पॉलिश करायच्या ड्रममध्ये बुडापासून गेलेलं, धम्मानंद कॉलेजात होता त्या साली. ती अर्धी मूठ जपून वर सरकवत ते मोजू लागले. "एक... दोन..."

धम्मानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेकडो तारे नावानिशी पाठ, आणि बापाचा हात ध्यानात नाही.

"ऱ्हाऊ द्या, बाबा."

त्यानं मोबाइलात चाळीसाचे वीस केले. झाडाची रेघ खाली बसली. शुक्रवारची संध्याकाळ लावली, तर धूमकेतू शेंड्याच्या वर, मोकळ्या आभाळात.

"मूठ चार बोटांची धरायची असते," तो कसाबसा बोलला. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई. चूक माझी हाय."

किशनरावांनी एकदा मोबाइलकडं पाहिलं, एकदा आपल्या हाताकडं.

दारातून मालनबाईंनी विचारलं, "काय बोलून राहिले बापलेक? दिसला असता काय रे त्या दिवशी?"



"न्हाई, आंबा आडवाच येत होता," किशनराव म्हणाले. "पोरानं बराबर सांगितलं होतं." आणि उजवा हात त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाखाली घेतला.