पुठ्ठा आणि फीत

मी एक जुना बोका आहे. मित्रांनो, खुर्ची, छत्री, फळा असल्या वस्तूंनी आपली कहाणी सांगावी आणि तुम्ही ती निमूटपणे वहीत उतरवून घ्यावी, असा रिवाज आहे. वस्तूंना दुसरा उद्योग नसतो. मला झोपायचं असतं. तरी आज वेळ काढला आहे, कारण मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या दुकानात, कागदाच्या कातरणाने भरलेल्या पोत्यात झाला. माझा रंग पुठ्ठ्यासारखा म्हणून मालकांनी, म्हणजे बाईंडरकाकांनी, माझं नावही पुठ्ठा ठेवलं. फार डोकं चालवलं नव्हतं, पण वाटीत दूध वेळेवर यायचं, म्हणून मी कुरकूर केली नाही. दुकानात पिठाची खळ शिजायची. ती उंदरांना प्राणप्रिय. पुस्तकांवर इतक्या आवडीने तुटून पडणारं मी नंतर कोणी पाहिलं नाही, माणसांत तर नाहीच. त्यांना आवर घालणं हे माझं काम. मी ते चोख केलं. "आमचा पुठ्ठा आहे म्हणून पुस्तकं आहेत," असं काका गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी ऐकू आलं नाही असं दाखवून पंजा चाटायचो.

फीत आली ती एका पावसाळी दुपारी. पांढरी, लांबट मांजरी, पुस्तकात खुणेला घालतात त्या फितीसारखी. मी पाठ वाकवली, अंग फुगवलं, घशातून शक्य तेवढे भयंकर आवाज काढले. तिने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याच पोत्यात जाऊन झोपली. एकट्याने तरी किती भांडायचं? मीही शेजारी आडवा झालो.

ते दिवस आठवले की अजून मिशा थरथरतात. खळीचा कोमट वास, दाबयंत्राचं करकरणं, काचेतून तिरपं ऊन आलं की चमकणारी सोनेरी अक्षरं. काका दोरा ओवताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायचे. सूर कधीच जमायचा नाही, पण शिवण सरळ यायची.

पुढे फितीची उडी चुकायला लागली. फळीवर जायची ती मध्येच खाली यायची. मग वाटी ती वासाने शोधू लागली. दुकानात कागद कापायचं यंत्र होतं, त्याचं पातं माझ्या लांबीहून मोठं. म्हणून मी तिच्या पुढे चालू लागलो, शेपटी ताठ धरून. ती शेपटीला नाक टेकवून मागे यायची. कोणाच्याही लक्षात आलं नाही. उलट तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर झाल्या, तसं तिचं कौतुक वाढलं. "काय डोळे आहेत हो!" असं जो तो म्हणायचा. माझ्या शेपटीविषयी मात्र कोणी चांगला शब्द काढला नाही.

मग एके सकाळी दुकान उघडलंच नाही. काका गेले होते. त्यांची लेक आली. तिने यंत्रं भंगारवाल्याला दिली, आणि आम्हा दोघांना एकाच टोपलीत घालून प्राण्यांच्या निवाऱ्यात आणलं. "यांना वेगळं करू नका हं," ती तिथल्या ताईंना म्हणाली. "बाबा म्हणायचे, ही दोघं एकाच दोऱ्याने शिवलेली आहेत." मग ती बराच वेळ नाक पुसत उभी राहिली.

निवाऱ्यात पिल्लांना मागणी. आमच्या पिंजऱ्यावर 'प्रौढ जोडी' अशी पाटी होती. 'प्रौढ' वाचून लोक थबकायचे आणि 'जोडी' वाचून पुढे जायचे.

एका दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आली, गळ्यात टेप तसाच. सोबत तिच्या सासूबाई. त्यांनी सुनेचं कोपर धरलं होतं, पण चेहरा असा, की जणू त्याच सुनेला सांभाळून आणत आहेत.

"एकच हं," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "आणि पिल्लू नको. पायात येतात मेली."

"अहो आई, आधी बघू तर द्या."

"बघ की. मी काय तुझे डोळे झाकलेत?"

सून आमच्यापाशी थांबली. "अगंबाई, काय डोळे आहेत हिचे!"

"ही जोडी आहे," ताई म्हणाल्या. "एकत्रच द्यायची आहे."

"हे कुठलं? कांदे घ्यायला गेलं तर बटाटेही न्याच, असं म्हणतं का कोणी?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तो दुसरा कसा आहे?"

"जरा... पोक्त आहे," सून म्हणाली.

"म्हणजे दिसायला यथातथा. कळलं."

ताईंनी आमच्याकडे पाहिलं, मग ओसंडून वाहणाऱ्या बाकीच्या पिंजऱ्यांकडे. "इतके दिवस कोणी विचारलंसुद्धा नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बघा, निदान हिला तरी घर मिळत असेल तर..."

आणि त्यांनी फितीला उचलून बाहेर ठेवलं. मला आत ठेवून कडी लावली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ उंदीर पाहिले, पातं पाहिलं, पण भीती म्हणजे काय ते मला त्या कडीच्या आवाजाने कळलं. फीत खोलीच्या मधोमध मान वर करून उभी होती. मी हाक मारली. ती आवाजाच्या दिशेने सरळ निघाली. वाटेत सुनेने बसायला ओढलेलं स्टूल होतं. त्यावर ती धाडकन आपटली. बाजूला वळली आणि पुन्हा त्याच्याच दुसऱ्या पायावर आपटली.

"वेंधळीच आहे की!" सून हसली. ताईही हसल्या.

सासूबाई हसल्या नाहीत. "परत आपटली ना? आता पंजा पुढे करून चाचपतेय?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तिला दिसत नाही गं."

"काहीतरीच काय, आई! एवढे मोठे डोळे..."

"मोठे असून काय उपयोग? माझेही आहेत. रोज सकाळी पेपर नुसता तोंडापुढे धरून बसते मी. तू मोठ्याने वाचतेस, तेवढ्या बातम्यांवर मान हलवते."

सुनेने आपल्या कोपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि कोपर धरता ते? मला वाटायचं, लाडाने."

"लाडाने! आरशात बघ एकदा. त्या बोक्याला सोडा हो, ताई."

कडी निघाली. मी धावलो नाही, धावलो असतो तर ती मागे राहिली असती. सावकाश तिच्या पुढे गेलो, शेपटी ताठ केली. तिचं नाक टेकलं. स्टुलाला वळसा घालून मी तिला सासूबाईंच्या पायापाशी आणून बसवलं.

"कशी आली?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच्या शेपटीला नाक लावून," सून म्हणाली.

"दोन्ही घे."

"तुम्ही एकच म्हणाला होतात."

"एकच आहे की. दोन तुकड्यांत आहे, एवढंच."

आता आम्ही त्यांच्या घरी असतो. सासूबाईंच्या एका डोळ्याला डॉक्टरांमुळे थोडा उजेड आला, दुसरा हट्टीच निघाला. फितीच्या डोळ्यांना काही उपाय नव्हता. माझे सांधे हल्ली कुरकुरतात. मी मध्येच थांबतो, ती मागून येऊन माझ्यावर आदळते आणि मीच धक्का दिल्यासारखी फिस्कारते. मी ऐकून घेतो. उद्या मी पुढे नसलो तर तिने हे घर पाठ केलेलं असावं, म्हणून मी रोज तिला त्याच वाटेने नेतो: पलंग, शिलाई मशीन, मोरी, वाटी, खिडकी.

तेव्हा माझं मागणं आता ऐका. कुठल्या निवाऱ्यात दोन पोक्त मांजरं एकमेकांना चिकटून बसलेली दिसली, तर त्यातलं देखणं निवडू नका, दोन्ही घेऊन या. तेवढं जमण्यासारखं नसेल, तर निदान एवढं करा. घरात बसायला खुर्ची ओढलीत, तर उठताना ती होती तिथे परत ठेवा. कोण कशाच्या आधाराने चालतं, ते चेहऱ्यावरून कळत नाही.