उजवा डोळा, डावा डोळा, शेरा

घोड्याला चष्मा मी लावला, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. गाडीवान रडत आला, म्हणे घोड्याला खड्डा दिसत नाही आणि सावली दिसली की उडी मारतो. मी घोडा दुकानाच्या दारात उभा केला आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याला दाखवला. पहिल्या चार ओळी त्यानं बिनचूक खिंकाळून वाचल्या, पाचवीला अडला. मग काय, उणे दोनचा नंबर! शिंगाची फ्रेम, कानामागं चामडी पट्टा. पुढं तो घोडा ओळखीचं माणूस दिसलं की रस्त्यात थांबायला लागला आणि गाडीवानाला घरी पोचायला उशीर व्हायला लागला, ती तक्रार वेगळी.

माझं दुकान चष्म्यांचं. काडी बसवायला दहा मिनिटं लागतात, म्हणून माझी थापही दहा मिनिटांची. गिऱ्हाइकाचं घड्याळाकडे लक्ष जात नाही. चाळीस वर्षं असं चाललं, कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते एकदाच. माझी लेक पाच वर्षांची असताना शाळेत जाऊन तिनं घोड्याची हकीकत सांगितली आणि अख्खा वर्ग हसला. घरी आली ती थेट काउंटरसमोर. काउंटर तिच्या नाकापर्यंत यायचा. त्याच्यावरून नुसते दोन डोळे माझ्यावर रोखले.

"आबा, यापुढं मी 'खरं की गोष्ट?' असं विचारलं, की खरं सांगायचं. बाकीच्या वेळी काय वाटेल ते बोल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी तुझी लेक नाही."

झाला करार. तेहेतीस वर्षं मी तो पाळला. ती नऊ वर्षांची असताना तिची आई आजारी पडली, तेव्हा तिनं विचारलं, "आई बरी होणार. खरं की गोष्ट?" मी म्हणालो, "गोष्ट." त्या वेळी तिचा चेहरा जो झाला, तो मी पुन्हा कुणाच्या अंगावर पाहू नये एवढंच मागत आलो. जरा विचित्र लिहिलं गेलं, पण चेहरा तिच्या अंगभर होता, असंच मला आठवतं.

पुढं ती दुकानात बसायला लागली. जावई मिळाला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. बोलणं बेताचं. मी म्हणायचो, "जावईबापू, तुमच्या लिफ्टही तुमच्यापेक्षा जास्त आवाज करतात." त्यावर ते नुसतं हसायचे. आणि मग आली भिंगरी, माझी नात. भिंगांच्या दुकानात जन्मली आणि एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी.

नाताळचं झाड आम्ही दरवर्षी भिंगरीच्या आत्याकडे जाऊन बघायचो. बघायचोच, कारण त्याला हात लावायची सोय नव्हती. ते झाड म्हणजे शोकेस. वरपासून खालपर्यंत काचेचे गोळे, सगळे एका रंगाचे, सगळे सारख्या अंतरावर. गेल्या वर्षी त्यातला एक फुटला. शेजारी भिंगरी उभी.

"आपोआप पडला," ती म्हणाली.

घरी येताना माझी लेक रस्त्यातच पोट धरून हसली. "अगदी आपलं गिऱ्हाईक शोभतेस गं!" कारण आमच्याकडे मोडका चष्मा घेऊन येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. काचेचा भुगा झालेला, फ्रेमचा पापड झालेला, आणि समोरचा सांगतो, "नाही हो, बसलो नव्हतो त्याच्यावर. आपोआप मोडला." चाळीस वर्षांत 'मी मोडला' म्हणणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही, आणि ही थाप नव्हे.

"पुढच्या वर्षी आपलं झाड," लेक म्हणाली. "आपल्या घरात. आपल्या पद्धतीचं."

पुढच्या वर्षी ती दवाखान्यात होती.

तिथंच तिनं माझ्याकडून दुकानाचं नंबराचं पॅड मागवलं. डोळे तपासले की नंबर लिहून देतो ना, ते. डावीकडे छापलेलं 'उजवा डोळा', उजवीकडे 'डावा डोळा', खाली 'शेरा'. उशीला टेकून तिनं एका कागदावर आमच्या झाडाच्या पद्धती लिहिल्या. मध्येमध्ये दमायची. पेन खाली ठेवायची, छताकडे बघून स्वतःशीच हसायची आणि पुन्हा उचलायची.

त्याच दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. किती आठवडे ते त्यांनी बोटांवर दाखवलं. एका हाताची बोटंही पुरी लागली नाहीत.

आणि दुपारी, कॉरिडॉरमधल्या निळ्या बाकावर, भिंगरीनं पाय हलवत विचारलं, "आई झाडाच्या दिवशी घरी येणार. खरं की गोष्ट?"

करार तिनं आईकडून उचललेला. शब्द तेच, डोळे तेच. मला ती नऊ वर्षांची दुसरी पोर दिसली.

"खरं," मी म्हणालो.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी दवाखान्यात निघताना भिंगरी म्हणाली, "मी आज नाही येत. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे नवी सायकल आलीय. आई काय, घरी येणारच आहे ना."

मी तिला 'चल' म्हणू शकत होतो. पण म्हटलं असतं तर तिनं 'का?' विचारलं असतं. मी एकटाच गेलो.

सोमवारी सकाळी माझी लेक गेली.

भिंगरी माझ्यावर ओरडली नाही. रुसलीही नाही. 'हो आबा', 'नको आबा', सगळं रीतसर. फक्त त्या दिवसापासून तिनं 'खरं की गोष्ट?' विचारणं बंद केलं. मी म्हणायचो, "बाहेर गारठा आहे, स्वेटर घाल." ती खिडकीतून हात बाहेर काढून बघायची, मग घालायची. मी म्हणायचो, "दूध गरम आहे." ती बोट बुडवायची. घोड्याची गोष्ट काढली, तर ती उठून चप्पल शोधायला लागायची. शेजारणीशी मी लाख थापा मारीन, पण ज्याला आपलं खरंही खोटं वाटतं, त्याच्यासमोर काय बोलायचं? पाच आठवडे मी घरात गप्प होतो. जावईबापूंपेक्षाही गप्प.

झाडाचा कागद जावयांना तिच्या पर्समध्ये सापडला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "आबा, हे करायचं का? की राहू द्यायचं?"

उत्तर भिंगरीनं दिलं. "आईनं लिहिलंय ना? मग करायचं."

उजव्या डोळ्याखाली लिहिलं होतं: झाड वाकडंच आणायचं. जे कुणी घेत नाही ते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं चौकात गेलो. झाडवाल्यानं एकाहून एक सरळ झाडं पुढं केली. भिंगरीनं मागं भिंतीला टेकवलेल्या एकाकडे बोट दाखवलं. मध्यावर कंबर मोडलेलं, एका बाजूला फांद्याच नाहीत.

"ते? अगं ते मी जाळायला ठेवलंय," झाडवाला म्हणाला. "साहेब, पोरीला जरा समजवा."

"आम्हाला तेच हवंय," जावई म्हणाले.

झाडवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, या दोघांचे डोळे तपासून घ्या एकदा."

एरवी मी त्याला यावर दहा मिनिटांचं काहीतरी ऐकवलं असतं. नुसती मान हलवली.

घरी जावयांनी बादलीत विटा रचून झाड उभं केलं आणि हाताच्या सवयीनं खोडाला पाणसळ लावली. लिफ्टचे रूळ बसवणारा माणूस. सरळ आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाणसळीतला बुडबुडा पार टोकाला जाऊन बसला. ते झाड सरकवायला लागले.

"बाबा!" भिंगरी ओरडली. "वाकडंच ठेवायचंय. तू सरळ काय करतोस?"

जावई हसले. मोठ्यानं हसले, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसता उठून तोंड धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

मी दुकानातून टवके गेलेली भिंगं आणली होती. त्यांना भोकं पाडून दोरे ओवले आणि आम्ही ती फांद्यांना बांधली. खिडकीतलं ऊन त्यातून भिंतीवर नाचायला लागलं. भिंगरी क्षणभर विसरून त्या कवडशांमागं धावली, मग आठवल्यासारखी थांबली आणि तिनं कागद उचलला.

डावा डोळा. तिनं एकेक अक्षर लावत वाचलं: "या वर्षी ज्यानं जे मोडलं, ते त्यानं टांगायचं. आणि 'मी मोडलं' म्हणायचं. 'आपोआप' चालणार नाही."

जावयांनी खिशातून कपाचा निळा कान काढला. माझ्या लेकीचा चहाचा कप. "मी मोडला," ते म्हणाले. "ती गेली त्या दिवशी. भिंतीवर फेकला." त्यांनी तो टांगला. दोरा दोनदा सुटला.

भिंगरी चष्म्याचं एक जुनं घर घेऊन आली. त्यात चंदेरी काचेचा तुकडा होता, आत्याच्या गोळ्याचा. तिच्या आईनं जपून ठेवलेला. "हा गेल्या वर्षीचा आहे, पण मी तेव्हा म्हटलं नव्हतं. मी मोडला."

मग दोघं माझ्याकडे बघायला लागली.

आता काय लपवायचं? मी तयारीत होतो. दुकानातली एक मोडकी फ्रेम आणली होती. ती मोडली होती एका गिऱ्हाइकानं, त्याच्या बुडाखाली. मी ती उचलली, आणि "मी..." म्हणालो.

भिंगरी माझ्याकडे बघत होती. विचारत नव्हती काहीच. नुसती बघत होती, दुधात बोट बुडवायच्या आधी बघते तसं.

मी फ्रेम खाली ठेवली. पॅडवरचा एक कोरा कागद फाडला, त्यावर 'खरं' असं लिहिलं आणि दोऱ्यात ओवला. गुडघ्यांवर बसून तो सगळ्यात खालच्या फांदीला बांधला.

"मी मोडलं," मी म्हणालो. "दवाखान्यात. निळ्या बाकावर. आई येणार नाही हे मला सकाळीच माहीत होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी 'खरं' म्हणालो. तू सायकलकडे गेलीस ती माझ्यामुळं. तुझी काही चूक नाही त्यात. मी मोडलं."

खोलीत कुणी हललं नाही. भिंतीवरचे कवडसेसुद्धा थांबल्यासारखे झाले. ही थाप आहे, पण लहानशी.

मग भिंगरी हळूच म्हणाली, "त्या रविवारी आईनं माझं विचारलं होतं का?" जरा थांबली. "खरं की गोष्ट?"

तिच्या डोक्यावरून जावयांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणा. डोळ्यांनी अक्षरशः पाया पडले माझ्या. आणि माझ्या जिभेवर तयार होतं हो सगळं: अगं, झोपलीच होती ती दिवसभर, शांत, गालातल्या गालात हसत. दहा मिनिटंही लागली नसती.

"विचारलं," मी म्हणालो.

"किती वेळा?"

"तीनदा."

"काय म्हणाली?"

"पहिल्यांदा म्हणाली, भिंगरी कुठंय? मी म्हटलं, सायकल खेळतेय. तर म्हणाली, खेळू दे."

"दुसऱ्यांदा?"

"औषधानं विसरली होती. पुन्हा तेच विचारलं. मी तेच सांगितलं. पुन्हा म्हणाली, खेळू दे."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा बोलली नाही. दाराकडे बघितलं."

भिंगरीचा चेहरा तसा झाला. एकोणतीस वर्षांपूर्वीसारखा, अंगभर. मग ती माझ्यावर धावून आली आणि दोन्ही मुठींनी मला मारायला लागली. छातीवर, खांद्यावर, कुठंही. माझा चष्मा उडाला. मी हात वर केले नाहीत. पाच आठवड्यांत पोरीनं मला पहिल्यांदाच हात लावला होता. जावई पुढं आले, तिला ओढायला म्हणून. आणि तिला न ओढता आमच्याजवळ तसेच फरशीवर बसले.

दमेपर्यंत तिनं मारलं. मग माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली. सदरा भिजला, बदलायची कुणाला शुद्ध नव्हती.

पुष्कळ वेळानं तिनं नाक पुसलं, तेही माझ्याच बाहीला. फरशीवरचा माझा चष्मा उचलला. एक काडी निखळली होती.

"मी मोडला," ती म्हणाली. आणि उठून तो झाडाला टांगून आली.

"अगं, मला दिसायचं कसं?"

"तुला बोलायचंय, बघायचं नाहीये." तिनं कागद माझ्यापुढं धरला. मला चष्म्याशिवाय अक्षर लागेना. तेव्हा तिनंच वाचला, सगळ्यात खालचा रकाना, शेवटी शेवटी उतरत गेलेल्या अक्षरातला.

"शेरा. झाडाखाली बसून आबांनी थाप मारायची. एकच, पण मोठी."

तेव्हा मला वाकडं झाड दिसत नव्हतं, जावई दिसत नव्हते. नुसती धुरकट हिरवी सावली आणि मध्येमध्ये उजेडाचे ठिपके. जन्मभर थापा मारलेल्या माणसाला एक थाप सुचेना. शेवटी जुनीच काढली.

"एक होता घोडा," मी म्हणालो. "त्याला लांबचं दिसायचं नाही."

"खरं की गोष्ट?"

"गोष्ट."

"बरं." ती माझ्या मांडीला टेकली. "आईला सांगितलेलीच ना?"

"तीच."

मी घोडा गल्लीत आणला. दुकानाच्या दारापर्यंत आणला. आणि दारात येऊन माझं अडलं. पुढं जाईना.

भिंगरीनं वाट बघितली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनंच घोड्याला आत घेतलं.