एकाच नावाचे तेवीस जण

आमचं खातं माणसं मोजतं. कुठल्याही कार्यालयात जायचं, टेबलं मोजायची, टेबलामागची माणसं मोजायची आणि जास्त भरली की जास्तीच्यांची यादी करायची. मोठ्या साहेबांनी उभी हयात यात घालवली आहे. एका दवाखान्यात कोपऱ्यात टांगलेल्या सांगाड्यालाही त्यांनी यादीत घेतलं होतं आणि पुढे शेरा मारला होता, 'वेळेवर हजर, पण काम करताना आढळला नाही.' कोणी हसलं नाही. आमच्याकडे शेऱ्याला हसत नाहीत.

त्या दिवशी बदलीचे अर्ज भरायची शेवटची तारीख होती. अर्ज ऑनलाइन होता आणि पाचच्या ठोक्याला बंद होणार होता. माझी सहा वर्षांची मुलगी तिच्या बाबांकडे आणि आजीकडे, आठ तासांच्या अंतरावर. मी शनिवारी जायचे आणि रविवारी ती झोपली की परतीची गाडी पकडायचे. तीन वर्षं हे चाललं होतं आणि मला त्याचा वीट आला होता. वीट कसला, रडू यायचं.

अर्जातलं सगळं भरून झालं होतं. अडलं होतं एका दाखल्यावर: 'या टेबलावर पर्यायी कर्मचारी उपलब्ध आहे.' त्याखाली साहेबांची सही हवी होती आणि साहेब ती दरवर्षी नाकारत होते.

"बाई, तुमच्या टेबलावर तुम्ही एकट्या," ते म्हणायचे. "तुम्ही गेल्यावर काय खुर्चीला काम सांगू?"

साडेतीनला कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "टास्क मॅनेजर उघडा आणि काय काय चालू आहे ते वाचून दाखवा." मी फोन स्पीकरवर टाकला, यादी उघडली आणि तेवढ्यात मागे साहेब येऊन उभे राहिले. यादी दिसली की त्यांचे पाय आपोआप वळतात.

"हे काय?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "एकाच नावाचे किती जण आहेत हे?"

"ब्राउझर आहे साहेब, इंटरनेटचा."

त्यांनी मोजले. मग खालून वर पुन्हा मोजले, कारण आमच्याकडे तशी पद्धत आहे. "तेवीस! एका टेबलावर तेवीस जण, सगळ्यांचं नाव एकच आणि काम बघा. शून्य टक्के, शून्य टक्के, शून्य टक्के. मेमरी मात्र प्रत्येक जण खातोय. बाई, इतकी वर्षं हे माझ्या नाकाखाली चालू आहे?"

त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्ची ओढली, माउस हातात घेतला आणि एकाला निवडून 'एंड टास्क' दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि तो इसम नव्या क्रमांकाने यादीत परत आला.

"काढलेला माणूस परत रुजू होतो? कोणाच्या आदेशाने?"

"तो चित्र दाखवणारा असेल," फोनमधून दुरुस्तीवाला म्हणाला. "त्याला काढलं तरी ब्राउझर परत बोलावतो."

"वशिला," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला काढलं.

या तेविसांतला एक माझा अर्ज धरून बसला होता आणि कोणता ते मला माहीत नव्हतं. "साहेब, थांबा," मी म्हटलं, "माझं एक महत्त्वाचं..." ते थांबले नाहीत आणि चौथ्याला काढल्यावर अर्जाचं पान गेलं. तिथे फक्त एक उदास चेहरा आणि 'काहीतरी चुकलं' एवढंच उरलं.

मी ओरडले. साहेबांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कोणी ओरडलं नसावं. मुलीचं, गाडीचं, तीन वर्षांचं, सगळं एका दमात बोलले. साहेबांनी माउस सोडून दिला आणि हात मांडीवर ठेवले.

दुरुस्तीवाल्याला आमचं काही कळलं नव्हतं. तो आपला समजावत होता, "मॅडम, घाबरू नका, बाकीची पानं शाबूत असतील. म्हणून तर ते वेगवेगळे ठेवलेले असतात. एक पडला तरी बाकीच्यांचं काम चालू राहतं."

साहेब फोनकडे वळले. "परत बोला."

"एक पडला तरी बाकीचे काम थांबवत नाहीत."

साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्यांच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दोघांच्या डोक्यात एकच विचार आला असावा. तो मी आधी बोलले, एवढंच.

"साहेब, या टेबलावर मी एकटी नाही."

"नाही," ते हळूच म्हणाले. "मी स्वतः मोजले आहेत."

"दोनदा."

नियम म्हणजे नियम. स्वतःची मोजणी खोटी ठरवणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी दाखला मागवून घेतला. "नाव एकच असलं तरी ओळख क्रमांक वेगळे आहेत ना?" त्यांनी विचारलं आणि पर्यायी कर्मचाऱ्याच्या रकान्यात यादीतल्या एकाचा पाच आकडी क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला. सही केली, तारीख घातली. मी अर्ज पहिल्यापासून भरला आणि दाखल्याचा फोटो जोडला. घाईत दोनदा जन्मतारीख चुकली. चार बावन्नला पडद्यावर आलं, 'अर्ज स्वीकारला.'

महिन्याभरात बदलीचा आदेश आला. शेवटच्या दिवशी मी टेबल आवरलं आणि कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, तर साहेब लगबगीने आले.

"चालू राहू दे, बाई. तेवीस जणांची एकदम गैरहजेरी लागेल." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुमच्याइतकं नीट यातल्या कोणालाच जमायचं नाही. पण शेऱ्यात तसं लिहिता येत नाही." मला एकदम भरून आलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

सोमवारी सकाळी मुलगी डोळे चोळत स्वयंपाकघरात आली. मला बघून दारातच थांबली.

"आई, तुझी गाडी चुकली?"

"हो," मी म्हटलं. "आता रोज चुकणार."