सातवा शंख

“सहाच आहेत, काका,” दामिनी मॅडम म्हणाल्या. “रजिस्टरात सात आहेत.”

सूर्यभान खण धरून तसाच उभा राहिला. अमरावतीच्या त्या कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली. आज निवृत्तीचा दिवस, चार्ज द्यायचा होता. खणात कापसावर समुद्री शंख होते, तुरीच्या दाण्याएवढे, दगड झालेले. ती अख्खी प्रजातीच कधीची संपली होती. कुठल्याच समुद्रात आता तिचा एकही जीव नव्हता.

घरी खडूचा तुकडाही न नेणारा हा माणूस. सरकारी नोकरीतला एवढा एकच सरळ नग माझ्या वाट्याला आला, अशी त्याची बायको सत्यवती थट्टा करायची. शंखांच्या गोष्टी मात्र तिने रोज जेवताना ऐकल्या. गेल्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, “मले कोठी समुद्र पायाले भेटते आता. तो शंख तं दाखवा एकडाव.”

शनिवारी त्याने एक खिशात घालून नेला. सोमवारी परत ठेवायचा होता. रविवारी सकाळी ती गेली, शंख मुठीत. आंघोळ घालताना बायका मूठ सोडवू लागल्या, तर राहू द्या, असं तोच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना तो वाकून चिमूट चिमूट चाळत होता. केवढा जीव बायकोवर, म्हणून सोयऱ्यांचे डोळे भरून आले. पण तिच्या अस्थींत तो कॉलेजचा शंख शोधत होता, आणि त्याची त्याला अजून लाज वाटते. सापडलाही. पांढराफटक, वेढे शाबूत. तळहातावर घेतला तेवढ्यात मुलाने, योगेशने, राखेवर तांब्यातलं पाणी शिंपडलं. थेंब पडताच शंख फुगला, तडकला आणि त्याचा चुना झाला. तेव्हा मात्र सूर्यभान मोठ्याने रडला.

हे सगळं त्याने आज पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. मॅडमनी रजिस्टर पुढे ओढून पेन उघडलं.

“फुटला, असं लिहिते,” त्या म्हणाल्या. “नाहीतर चौकशी लागेल. तुमचे कागद अडकतील.”

“अडकू द्या. मी घरी नेला होता, मॅडम. तिच्यासंग जयला, असं लिहा.”

मॅडमनी तसंच लिहिलं. सूर्यभानने दरवर्षीप्रमाणे खणातला जुना कापूस काढून नवा पसरला आणि बोटाने दाबून खळगे केले. सात. सहांत शंख ठेवले, खण लावला आणि किल्ली टेबलावर ठेवली.