देवापुढचं कापड

“‘घाण’ म्हणताना डोळे मिटायचे,” मास्तरांनी लेकीला पुन्हा बजावलं. “आईकडे काय बघतेस?”

मास्तर म्हणजे त्या आईचा नवरा. वजनकाट्यावर ट्रक मोजणारे कारकून. पण येता-जाता लोकांचे उच्चार सुधारायचे, म्हणून गल्लीनं हे नाव चिकटवलं होतं. रोज संध्याकाळी सातला देवाच्या फळीवर दिवा लागायचा, चटईवर बाप आणि आठ वर्षांची लेक बसायची, आणि प्रार्थना व्हायची. ‘देवा, आम्हांला घाणीपासून दूर ठेव’ ही शेवटची ओळ मास्तरांनी पदरची जोडलेली.

आईची जागा चटईवर नव्हती, उंबऱ्याशी होती. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. वॉर्डातून आलेल्या चादरी निवडायच्या, रक्ताच्या वेगळ्या, ओकारीच्या वेगळ्या, आणि भट्टीत उकळायच्या. दोनदा साबण लावून आंघोळ केली तरी मास्तरांचं नाक मुरडलेलंच. तू तिथूनच ऐक, देवाला लांबचंही ऐकू येतं, असं म्हणायचे. हा विनोद त्यांनी अकरा वर्षं वापरला होता. धुतला मात्र एकदाही नव्हता.

खरं तर तिला कशाचीच किळस येत नसे. तुला नाक लावायचं देव विसरला बघ, असं कामावरच्या बायका म्हणायच्या. पण गेला महिनाभर त्या ओळीला लेक गुडघे आत ओढून घ्यायला लागली होती. उंबऱ्यापासून बोटभर लांब. तेवढं बोटभर अंतर दिसलं, की आई हळूच स्वतःचे तळहात हुंगून बघायची.

आज लेकीनं डोळे मिटून ओळ म्हटली, आणि मग उघडून विचारलं, “बाबा, देवानं ऐकलं तर आई राहणार कुठे?”

मास्तर हसले. रागावले असते तर आईनं गिळलं असतं. ते कौतुकानं हसले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी फळीवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या पांढऱ्या कापडाकडे बोट केलं. आल्यागेल्यालाही ते हेच दाखवायचे. मन असं हवं, शोधून डाग सापडायला नको.

“ते कुठे धुतलं जातं, तेही सांगा की तिला,” ती उंबऱ्यावरून म्हणाली.

मास्तरांना बोलण्याचा रोखच कळला नाही. कापड काढायचे-घालायचे ते स्वतः, फळीला तिचा हात चालत नसे. धुवायला मात्र तिच्या पिशवीत टाकायचे. पिशवी पुढे कुठे जाते, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“दर शनिवारी भट्टीत जातं. वॉर्डाच्या चादरींबरोबर,” ती म्हणाली. “घरच्या बादलीत एवढं पांढरं होतं होय? आणि मुळात ती चादरच आहे. फाटली म्हणून मोडीत काढलेली, मी मुकादमाला विचारून आणलेली. कोपरा उलटून बघ गं.”

लेकीनं उलटला. आत निळ्या दोऱ्यानं घातलेला वॉर्डाचा आकडा होता.

“तिच्यावर कोण जन्मलं, कोण गेलं, मला नाही ठाऊक. उकळल्यावर सगळ्या सारख्याच.”

मास्तरांचे ओठ हलले, पण सुधारायला एकही उच्चार चुकलेला नव्हता. त्यांनी दिवा उचलून खिडकीत ठेवला, कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढलं, उंबऱ्याशी टाकलं आणि हात धुवायला मोरीत गेले.

फळी उघडी पडली. वर तेलाचा काळा, चिकट थर. त्यात रुतून वाळलेलं एक झुरळ. याच फळीला विटाळ नको म्हणून अकरा वर्षं तिला उंबऱ्यावर बसवलं होतं. मोरीत नळ वाहत होता. साबण घासल्याचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

तिनं कापड उचललं, झटकलं. दोन टोकं स्वतः धरली आणि दोन लेकीपुढे केली. चादरीची घडी एकटीनं होत नाही.

लेकीनं मोरीकडे पाहिलं. मग टोकं धरली. बापासारखीच, दोन बोटांच्या चिमटीत.

“चिमटीत नाही, मुठीत धर,” ती कामावरच्या नव्या बाईला सांगावं तसं म्हणाली. “चिमटीतनं घडी सुटते.”

लेकीनं मूठ वळली. दोघी एकेक पाऊल जवळ आल्या, कोपऱ्याला कोपरा लागला. नळ अजून वाहतच होता.